पंचफुलाचं कडवं

राजकमल चौकात ऑटो भरेपर्यंत ऑटोवाल्यानं दोनदा गाणं बदललं, आणि तिसऱ्यांदा लावलं ते जानरावाचं. दीपमालानं पहिल्या खंजेरीलाच ते ओळखलं. कुणीतरी खाली वरातीतला धडधडता ठेका जोडला होता, तरी वरची खंजेरी तीच होती आणि गाणाऱ्या बाईचा घासून घासून पितळेसारखा झालेला आवाजही तोच. मांडीवर पर्स, पर्सवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर हात, अशी ती कडेला अंग चोरून बसली होती. इर्विन चौक गेला. गाण्यात जानरावानं अंजनगावच्या कोठाराचं कुलूप फोडलं, ज्वारी वाटली, आणि पोलिसांना चकवून तो गाविलगडाच्या अंगानं डोंगर चढला. पंचवटीच्या अलीकडे ते कडवं आलं.

गाव निजलं अंधारात, येक खिडकी जागी राह्यली,
पंचफुलानं दिवा लावून वाघाले मरनवाट दावली.

आणि खंजेरी थांबली. ठेका जोडणाऱ्यालाही ती जागा माहीत असावी. त्यानं तिथे ठेकाही तोडला होता. त्या रिकाम्या जागेत ऑटोवाला हँडल न सोडता डावीकडे कलला आणि म्हणाला, थू. मेथीच्या जुड्या मांडीवर घेतलेली शेजारची बाई म्हणाली, थू. थुंकी कुणाच्याच तोंडातून आली नाही. गरम चहावर फुंकर घालावी तेवढाच आवाज. दीपमालाचेही ओठ जुळले आणि सुटले. थू. मग खंजेरी पुन्हा सुरू झाली.

“मॅडम, तुमच्यावर नाही हां,” ऑटोवाला आरशातून म्हणाला. “थ्या पंचफुलीवर.”

“समजलं.”

“अशीच पायजे तिले,” मेथीवाली म्हणाली. “सोन्याच्या पाटल्या पायजे होत्या म्हने तिले! मानूस गेला, पाटल्या भेटल्या का नाई कोनाले मालूम.”

“भेटल्या असन न. पोलिसाचं काम हाय, रोख असते,” ऑटोवाला म्हणाला, आणि दोघं हसले. गाडगेनगरला उतरताना त्यानं दीपमालाची पर्स नीट हातात दिली.

घरी येऊन तिनं चूळ भरली. थोड्या वेळानं पुन्हा भरली. मग गॅसवर चहा ठेवून ती खिडकीशी उभी राहिली आणि आपल्या तोंडातून तो आवाज नेमका कसा निघाला ते आठवायला लागली. राग नव्हता, भीतीही नव्हती. दोघांनी म्हटलं आणि तिसरी जागा रिकामी होती, ती तिनं भरली, इतकंच. ऑटोत एकटीच गप्प बसलेली बाई उठून दिसते. पंचफुला तिची माय होती. अकोल्याला डाबकी रोडवर दीपमालाच्या धाकट्या भावाकडे, धर्मेंद्रकडे राहायची, आणि या वेळी बहुतेक दारात खुर्ची टाकून रेल्वे फाटक बंद व्हायची वाट बघत बसली असेल. फाटक बंद झालं की रस्त्यावर माणसं थांबतात आणि मायला बघायला काहीतरी मिळतं.

ही थू कुणी सुरू केली ते कुणालाच सांगता येत नाही. चांदूर बाजारपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जिथे जिथे हे गाणं म्हणतात, तिथे पंचफुलाचं नाव आलं की गाणारी बाई खंजेरी छातीशी धरून थांबते, बसलेली माणसं थू म्हणतात, आणि मगच पुढचं कडवं उचललं जातं. लेकरं बोलायच्या आधी ते शिकतात. मांडीवरचं पोर चुकीच्या जागी थू म्हणालं की सगळे कौतुकानं हसतात. त्या पट्ट्यात पुढे कुणी मुलीचं नाव पंचफुला ठेवलं नाही, जिचं आधीच होतं ती पुष्पा झाली. माय अकोल्याला आली ती आधी रेल्वेतल्या गँगमनची बायको झाली, मग धर्मेंद्रची माय झाली. नाव कुणी विचारलंच तर ती पदर सारखा करायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची. धर्मेंद्रनं तर एका लग्नात हे गाणं लागल्याबरोबर मंडपामागे जाऊन डीजेची वायर उपटली होती. लाइनमन माणूस, कुठली वायर काढायची ते त्याला बरोबर कळलं. वऱ्हाडी अंधारात जेवले.

जानरावाबद्दल माय एकदाच बोलली होती. दीपमाला बारावीला होती, उन्हाळा होता, दोघी पापड लाटत होत्या. मायनं लाटणं थांबवलं नाही. “थो माह्या कोनी नव्हता,” ती म्हणाली. “म्हनजे लगन झालं नव्हतं. होनार होतं.” बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस. जानरावानं कोठार फोडलं तेव्हा त्यातली दोन पायल्या ज्वारी मायच्या चुलीवरही शिजली होती. मग तो डोंगरात गेला आणि अधूनमधून दिवेलागणीला उतरायचा. खूण ठरलेली होती. मायच्या घराला एकच खिडकी होती, डोंगराकडे उघडणारी. खिडकीत दिवा असला तर वाट मोकळी, यायचं. अंधार असला तर माघारी फिरायचं. त्या दिवशी पलीकडच्या गोठ्यात दुपारपासून पोलीस येऊन बसले होते, मायनं त्यांचे बूट पाहिले होते, आणि दिवा लावायचा नाही हे तिनं पक्कं केलं होतं. पण तारीख चौदा एप्रिल होती. सूर्य बुडाला आणि वस्तीत पणत्या लागायला लागल्या. समोरच्या घरी लागली, बाजूच्या घरी लागली, समाजमंदिरावर मेणबत्त्यांची ओळ लागली. शेजारची बेबीताई दारात येऊन म्हणाली, “काय व पंचफुले, बाबासाहेबाच्या जयंतीले घरात अंधार? कोनी मेलं काय?” गोठ्यातल्या बुटांनाही ते ऐकू गेलं असणार. “मंग म्या लावला,” माय म्हणाली. “समद्यांच्या घरी लागला, माह्यंच घर एकलं अंधारात कसं ठेवू? आन डोंगरात राह्यनाऱ्याले तारीख काय मालूम?” तिनं दीपमालाच्या पोळपाटाकडे पाहिलं. “पापड जाड होऊन राह्यला तुह्या. हात फिरव.”

गाण्यात मात्र वस्ती झोपलेली असते. एवढ्या पणत्या, मेणबत्त्या, जयंतीची निळी तोरणं, सगळं विझवून कुणीतरी ते कडवं रचलं होतं. गाण्याला एकच दिवा लागतो. हे दीपमालाला पुढे खूप शिकल्यावर कळलं, आणि कळलं तेही भलत्याच देशाच्या वाटेनं. मायनं दोन वर्षांनी अकोल्यात संसार मांडला, पहिली मुलगी झाली, तिचं नाव तिनं स्वतः सांगितलं. बापाला ते छान वाटलं. हेच नाव का, असं दीपमालानं तिला कधी विचारलं नाही. काही प्रश्न घरातल्या जड पेटीसारखे असतात. सगळे वळसा घालून जातात आणि वळशाचीच वाट होते.

तिचा वळसा मेक्सिकोपर्यंत गेला. इंग्रजी विभागात नोकरी लागल्यावर पीएच.डी.साठी विषय हवा होता, आणि ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात तिला इंग्रजी भाषांतरातली मेक्सिकोची लोकगीतं सापडली. बंडखोरांची गाणी. पहिल्या ओळीत साल आणि गाव सांगायचं, मग घोडा, मग अन्याय, मग एकटा माणूस आणि त्याच्या मागावर सरकारचे शंभर. तो कधीच सरळ लढाईत मरत नाही. जेवायला बसलेला असतो, झोपलेला असतो, कुणाच्या तरी अंगणात विश्वासानं उतरलेला असतो. मित्र किंवा बाई, कुणीतरी त्याला देतं. शेवटी गाणारा एका पाखराला सांगतो, जा, त्याच्या आईला निरोप दे. दीपमालानं ते वाचलं तेव्हा तिला त्यात जानराव ओळखू आला होता, आणि लगेच बरंही वाटलं होतं. समुद्रापलीकडच्या त्या धुळीच्या गावांत तिला हवं तितकं थांबता येत होतं. तिथल्या बायकांना तिनं कधी थू म्हटलं नव्हतं. तिच्या प्रबंधातलं एक वाक्य परीक्षकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: दगा देणारं माणूस गाण्यातून काढलं तर नायक उरत नाही, नुसता मारला गेलेला माणूस उरतो. परीक्षकांनी हात मिळवला. ती घरी आली आणि तिला दोन दिवस ताप होता.

“तू मेक्सिकोला जाऊन आलीस का गं कधी?” विभागप्रमुख अनुपमा तिला दरवर्षी एकदा विचारायची.

“नाही.”

“मग इतकं आतलं कसं कळतं तुला?”

“लांबून बरं दिसतं.”

यंदा लोकसाहित्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा अनुपमाच म्हणाली, “किती वर्षं आपण मुलांना घोडे आणि पिस्तुलं ऐकवतोय. इथलंही ऐकू या की. ते जानरावाचं गाणारी केशरबाई म्हणून कुणी आहे ना, चांदूर बाजारला?” दीपमालाला नाही म्हणता आलं असतं. कारणं पुष्कळ होती, माइक, मानधन, परीक्षा. पण ऑटोतली ती थू आठ दिवस झाले तरी तोंडातून जात नव्हती. ती म्हणाली, “मी बोलते त्यांच्याशी.” आणि म्हणता म्हणता तिला कळलं की आपण काय करणार आहोत. प्रबंधातलं वाक्य आठवलं. ते आठवूनही तिनं दुसऱ्या दिवशी बस पकडली.

केशरबाई बाजेवर पाय पसरून लसूण सोलत होती. सत्तरी गाठलेली, समोरचे दोन दात नसलेली, अंगानं भरलेली बाई. तिनं आधी चहा पाजला, मग अमरावतीच्या रस्त्यांना शिव्या दिल्या, मग कार्यक्रमाला गाडी येणार का एसटीनं यायचं ते विचारलं. दीपमालानं कडव्याची गोष्ट काढली तेव्हा तिचे हात थांबले.

“कडवं काढू? काहून?”

“आजकाल असं बाईला दोष देणारं… कॉलेजात मुली असतात ना समोर.”

“अवं बाप्पा, पोरीच त जोरानं थू म्हनतात!” केशरबाई हसली. “आन मंग जानराव मरन कसा?”

“पोलिसांनी मारला, एवढंच म्हणायचं.”

“पोलीस त समद्यालेच मारते.” तिनं लसणाची पाकळी दिव्यासारखी दोन बोटांत धरून पाहिली आणि ताटलीत टाकली. “बरं. तुमचा कारेक्रम, तुमचा माइक. नाव नाई घेत. पन जागा खाली ठेवली त ठेका पडते. ‘कोन्या येका बाईनं’ म्हनू? चालन?”

“चालेल.”

“आन गाडी एसीवाली पाठवा. मांगच्या साली धारनीले नेलं मले, घाटात समदी उलटून आली मी.” मग सहज, लसणाकडेच बघत, “तुमी कोन्या गावच्या मॅडम?”

“अकोल्याची.”

“बरं,” केशरबाई म्हणाली. बसमध्ये बसल्यावर दीपमालाला वाटलं, एवढ्या सोप्या प्रश्नाला एवढं खरं उत्तर आपण किती सफाईनं दिलं.

कार्यक्रम सभागृहात झाला. पंखे गरगरत होते, मुली एकमेकींच्या खांद्यावरून बघत होत्या. केशरबाईनं खंजेरीवर पहिली थाप दिली आणि सगळ्यांच्या पायांना एकदम काहीतरी सापडलं. दीपमाला कडेला उभी राहून मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. कुलूप फुटलं, ज्वारी वाटली गेली, डोंगर चढून झाला. कडवं जवळ आलं तशा पुढच्या रांगेतल्या गावाकडच्या मुलींचे ओठ आधीच जुळून तयार झाले; दीपमालाला ते स्पष्ट दिसले, बारा-पंधरा तोंडं, फुंकर घालायला टेकलेली. कोन्या येका बाईनं दिवा लावून, केशरबाई म्हणाली, आणि थांबली नाही. दोन-चार थू अर्ध्यावर सांडल्या. कुणीतरी फिसकन हसलं. खंजेरी पुढे गेली, जानराव आला, पडला, साळुंकी त्याच्या मायकडे उडाली. टाळ्या झाल्या. केशरबाईला शाल दिली, ती तिनं तिथल्या तिथे उलगडून पोत पाहिला.

“छान झालं,” अनुपमा जिन्यात म्हणाली. “पण मधे कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं का गं? तो मेला कशामुळे, तेच मला समजलं नाही.”

“उन्हामुळे असेल,” दीपमाला म्हणाली. तिला स्वतःलाही या उत्तराचा अर्थ लागला नाही. पण मोबाइल पर्समध्ये होता आणि त्यात पहिल्यांदाच असं एक जानरावाचं गाणं होतं, जे मायसमोर लावता येणार होतं. ज्यात तिच्यावर कुणी थुंकत नव्हतं. ते एकदा मायच्या कानावर पडलं की ऑटोतलं आपलं तोंड स्वच्छ होईल, असा तिचा हिशेब होता. हिशेब असा मांडला नव्हता, पण होता.

रविवारी ती बडनेऱ्याहून गाडीत बसली. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती, काळी, वाळकी, एखाद्या बोंडात राहून गेलेला पांढरा ठिपका. लहानपणी या रस्त्यानं जाताना माय खिडकीशी बसायची नाही. उत्तरेकडे डोंगराची निळी रेघ दिसायची म्हणून असेल, असं दीपमालानं मोठेपणी ठरवून टाकलं होतं. मायला विचारलं नव्हतं. कदाचित तिला नुसता वारा सोसत नसेल. आपण मायबद्दल जे जे जाणतो त्यातलं किती मायनं सांगितलं आणि किती आपण गाण्यासारखं रचलं, हे मोजायला घेतलं तर हातात पापडाएवढी एक दुपार उरत होती.

“ताई, येडी झाली काय तू?” धर्मेंद्र स्वयंपाकघरात दबल्या आवाजात म्हणाला. “हे गानं? मायपुढं?”

“नाव नाहीये रे यात. काढलंय.”

“खरंच?” त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम लहानपणीचा झाला. “मंग लाव. थांब, कूलर बंद करतो.”

माय बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. मोतीबिंदूनं डोळे दुधाळले होते, कान मात्र शाबूत. कूलर थांबल्यावर खोलीत वाळ्याचा ओला वास आणि शांतता राहिली. दीपमालानं मोबाइल तिच्या उशीवर ठेवला. पहिली थाप पडली आणि मायचं बोट गुडघ्यावर वाजायला लागलं. चाचपडत नाही, बरोबर ठेक्यावर. दीपमालाला नवल वाटलं, पण तिनं ते बाजूला सारलं. अंजनगाव आलं. डोंगर आला. आणि कडव्याच्या एक ओळ आधीच, केशरबाईच्याही आधी, मायचं बोट थांबलं. तिनं मान वर केली, हनुवटी जराशी पुढे. दवाखान्यात आता आपलं नाव पुकारणार म्हणून माणूस सावरून बसतं, तशी.

कोन्या येका बाईनं दिवा लावून, मोबाइल म्हणाला.

गाणं पुढे गेलं. बोट गुडघ्यावर तसंच राहिलं.

“बंद कर,” माय म्हणाली. दीपमालानं बंद केलं. बाहेर फाटकाची घंटा वाजत होती.

“माह्यं नाव कुठं गेलं?”

“काढलं माय. मीच सांगून काढलं. आता तुला कुणी—”

“कोनाले इचारून?”

“माय, चांगलंच केलं न ताईनं,” धर्मेंद्र म्हणाला. “लोक थू थू करतात, बरं वाटते काय?”

“मले नको सांगू. तू वायरा उपटत फिर. बाजूची पोरगी निधी दर जयंतीले हे गानं मोबाइलवर लावून देते मले, समदं आयकून घेते मी.” राग दिसत नव्हता. हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते आठवताना होतो तसा तिचा चेहरा झाला होता. “कोनी येक बाई,” ती म्हणाली. “कोनीबी लावला काय दिवा? म्या लावला. थ्या मानसाचा माह्यापाशी येक फोटो नाई. लगन नाई, लेकरू नाई. आज कोनाले सांगाले गेली का मी त्याची होती, त कोन मानते? साऱ्या मुलखात येका जागी त्याचं नाव हाय, आन त्याच्या बाजूले माह्यं हाय. थे तू पुसलं.”

इतकी वर्षं दीपमाला मेक्सिकोच्या गाण्यांतल्या दगाबाज बायकांबद्दल लिहीत आली होती, त्यांच्यावाचून नायक कसा उरत नाही ते. नायकावाचून त्या बाईचं काय उरतं, हा प्रश्न एकाही परीक्षकानं विचारला नव्हता. तिला ऑटोतली ती रिकामी जागा आठवली, दोन आवाज होऊन गेल्यावर तिसऱ्यासाठी उघडी राहिलेली, आणि वस्तीभर लागलेल्या पणत्यांमध्ये एक काळी खिडकी.

मायनं घसा साफ केला. मग ती म्हणायला लागली. आवाज बारीक होता, पण कुठेही लटपटला नाही.

गाव निजलं अंधारात, येक खिडकी जागी राह्यली,
पंचफुलानं दिवा लावून वाघाले मरनवाट दावली.

आणि थांबली. दोन्ही हात छातीशी धरलेले, त्यांत नसलेली खंजेरी. धर्मेंद्र बंद कूलरकडे बघत राहिला. घंटा थांबली, गाडी धडधडत गेली, भिंतीवरची फोटोची चौकट हलली आणि स्थिर झाली. माय तशीच होती.

“म्हन न,” ती दीपमालाच्या दिशेनं म्हणाली.

“माय, नको.”

“म्हन, बाई. थे झाल्याबिगर पुढचं कडवं येत नाई. पुढच्या कडव्यात थो येते.”

दीपमालानं मायच्या दुधाळ डोळ्यांकडे पाहिलं. ते तिच्याकडे लागलेले नव्हते. तिच्या खांद्यावरून मागे, उत्तरेच्या खिडकीकडे होते. दीपमालानं ओठ जुळवले.

“थू.”

मायनं मान हलवली. बोट गुडघ्यावर पुन्हा वाजायला लागलं. दिवा पाहून हासला गडी, ती म्हणाली, आणि जानराव डोंगर उतरायला लागला.